मोठे टायर, जुनी पिकअप आणि स्टिअरिंगची झीज

आजचा विषय टायरचा आहे, पण बोलायचंय ते टायरच्या आड, मडगार्डखाली लपलेल्या भागांबद्दल. जुन्या पिकअपला मोठे टायर बसवले की स्टिअरिंगचं काय होतं, ते का होतं आणि टायर घ्यायच्या आधी घरच्या घरी काय तपासायचं, हे आज पाहू. व्हिडिओत मी गाडीखाली झोपून एकेक भाग हातानं हलवून दाखवला होता. इथे तेच शब्दांत सांगतो.

आधी हे मला शिकवलं कुणी, ते ऐका. आमच्याच गाडीनं शिकवलं, भेरूघाटात.

घाटात काय झालं

आम्ही इंदूरचे. शहराबाहेर आमची रोपवाटिका आहे. आंब्या-लिंबाची कलमं, पेरू, शोभेची झाडं असा माल निमाडात जातो, बडवाह-सनावदपर्यंत. खंडव्याच्या रस्त्यानं सिमरोल सोडलं की माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता वळणं घेत खाली उतरतो, तो भेरूघाट. पिकअप बाबांनी २००८ साली घेतलेली. डिझेल इंजिन, ताकद मागच्या चाकांना, पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे, स्टिअरिंग साधं, म्हणजे पॉवर नसलेलं.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात कशी होते ते तिथल्या लोकांना सांगायला नको. चाक एकदा रुतलं की शेजारच्या ट्रॅक्टरला हाक मारायची. माझ्या पुतण्याला याचा कंटाळा आला आणि त्यानं मोठे टायर घालायचं ठरवलं. मूळ माप होतं २१५/७५ आर १५. त्यानं घातले ३१×१०.५ आर १५. एवढे रुंद टायर आमच्या सहा इंची रिमवर बसत नाहीत, म्हणून आठ इंची रिम घेतले, तेही चाक बाहेर काढणारे. दुकानदार म्हणाला, "नुसते नट खोला आणि लावा, बाकी काही बदलावं लागत नाही." गाडी रुबाबदार दिसायला लागली हे मी मान्य करतो. फोटो मीच काढले होते.

पहिल्या महिन्यात स्टिअरिंग जड लागायला लागलं. पुतण्या म्हणाला, "काका, हाताला व्यायाम होतो." दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे भरकटायला लागली, सतत हात हलवत ठेवावा लागे. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीनं स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला, चार दिवस बरं वाटलं. चौथ्या महिन्यात आम्ही तिघं, पुतण्या गाडीवर, मधे आमचे माळीकाका आणि कडेला मी, माल भरून घाट उतरत होतो. काटा पन्नासला होता. डावं चाक एका खड्ड्यात आदळलं आणि पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागली. थरथर म्हणजे साधी नव्हे. स्टिअरिंग पुतण्याच्या हातात डावी-उजवीकडे फटाफट फिरत होतं, डॅशबोर्डवरच्या वस्तू खाली पडल्या, माळीकाकांनी माझं मनगट पकडलं. समोरून ट्रक चढत होता.

पुतण्यानं एक गोष्ट बरोबर केली. त्यानं ब्रेक दाबून धरला नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि हळूहळू वेग उतरवला. तीसच्या खाली आल्यावर थरथर आपोआप थांबली. कडेला गाडी लावली तेव्हा तिघांपैकी कुणीच बोलत नव्हतं.

गॅरेजमध्ये याला वॉबलिंग म्हणतात. अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांमध्ये ते विशेष दिसतं, कारण दोन्ही चाकं एकाच दांड्यावर आणि एकाच टाय रॉडनं बांधलेली असतात. एक हललं की दुसऱ्याला हलवतं, आणि दुसरं परत पहिल्याला.

हातापासून चाकापर्यंतची साखळी

उस्तादांनी, म्हणजे आमच्या जुन्या मेकॅनिकनी, गाडी वर घेतली आणि मला खाली बोलावलं. "आधी हे बघा, मग टायरबद्दल बोलू."

तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा ते फिरणं चाकापर्यंत कसं पोचतं? स्टिअरिंगचा दांडा बॉक्समध्ये जातो. बॉक्समध्ये गिअर असतात, ते तुमच्या हाताच्या मोठ्या फेऱ्याचं छोट्या पण ताकदवान हालचालीत रूपांतर करतात. बॉक्समधून एक आर्म खाली येतो, त्याला कुणी पिटमन आर्म म्हणतं, कुणी ड्रॉप आर्म. तो आर्म ड्रॅग लिंक नावाचा दांडा पुढे-मागे ढकलतो. ड्रॅग लिंक एका चाकाला वळवतो, आणि त्या चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत टाय रॉड जातो. चाक ज्या खुंटीभोवती वळतं ती किंगपिन. आणि चाक ज्यावर गरगर फिरतं ती हबमधली बेअरिंग.

या दांड्यांच्या प्रत्येक टोकाला एक बॉल जॉइंट असतो. तो आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा काम करतो. वाटीत गोळी बसलेली, वर रबरी टोपी, आत ग्रीस. टोपी फाटली की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस बाहेर येतं आणि गोळी-वाटी एकमेकींना घासून खायला लागतात. सुरुवातीला सुतभर प्ले. पण साखळीत चार-पाच सांधे आहेत. प्रत्येकाचा सुतभर प्ले एकत्र झाला की स्टिअरिंगवर तो दोन-तीन बोटं होतो.

आमच्या गाडीत काय निघालं? टाय रॉडच्या डाव्या टोकाची टोपी फाटलेली. ड्रॅग लिंकचा बॉक्सकडचा जॉइंट सैल. डाव्या किंगपिनचे बुश झिजलेले. आणि बॉक्स चॅसिसला धरणाऱ्या बोल्टांपैकी एक ढिला. मी म्हणालो, हे सगळं चार महिन्यांत टायरनं केलं? उस्ताद हसले. "टायरनं निम्मं केलं. निम्मं तुम्ही केलं. या निपलमध्ये शेवटचं ग्रीस कधी मारलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. बाबा होते तेव्हा दर सर्व्हिसिंगला ते स्वतः उभे राहून ग्रीस मारून घ्यायचे. त्यांच्यानंतर मी ऑइल बदलत राहिलो आणि ग्रीस विसरलो.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. जुन्या गाडीत थोडी झीज असतेच. मूळ मापाचा टायर ती झाकून घेतो. मोठा टायर ती झीज उघडी पाडतो आणि तिचा वेग वाढवतो.

मोठा टायर नेमकं करतो काय

आधी माप समजून घेऊ. २१५/७५ आर १५ मध्ये २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ३८१ मिलिमीटर. खालची भिंत, रिम आणि वरची भिंत मिळून टायरची पूर्ण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर. ३१×१०.५ मध्ये मात्र ३१ हा आकडाच पूर्ण उंचीचा आहे, इंचांत. म्हणजे सुमारे ७८७ मिलिमीटर. मूळच्या तुलनेत जवळजवळ १२ टक्के जास्त.

या १२ टक्क्यांचे काही परिणाम सगळ्यांना माहीत असतात, ते भरभर सांगतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ६७ ला असते, म्हणजे घाटात आमचा पन्नासचा काटा खरा ५६ होता. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे अ‍ॅव्हरेज पडल्यासारखं वाटतं. पुतण्याच्या वहीत १३ वरून ११ वर आलं होतं. दुरुस्त हिशोब केला तर खरं अ‍ॅव्हरेज सव्वाबारा निघालं. चढाला एक गिअर खाली टाकावा लागतो, क्लचवर ताण येतो. आणि ब्रेकच्या दृष्टीनं चाक मोठं म्हणजे ब्रेकला उलटा जोर लावणारा हात लांब. तेवढाच पाय दाबला तर गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते.

आता स्टिअरिंगकडे येऊ. तिथे तीन गोष्टी घडतात.

पहिली, वजन. रोपवाटिकेत खत मोजायचा काटा आहे, त्यावर आम्ही जुनं आणि नवं चाक ठेवून पाहिलं. एका चाकामागे नऊ किलोंचा फरक आला. हे वजन पाट्यांच्या खाली आहे. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा हे वजन कुठलीही स्प्रिंग मधे न येता थेट किंगपिन, बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर बसतं. शिवाय फिरणारं जड चाक आपली दिशा सोडायला तयार नसतं, आणि एकदा थरथरायला लागलं की थांबायलाही तयार नसतं.

दुसरी, रुंदी. पॉवर नसलेल्या गाडीत जागेवर स्टिअरिंग फिरवताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग रस्त्यावर घासत फिरतो. टायर रुंद झाला की तो घासणारा भाग मधल्या बिंदूपासून लांबवर पसरतो आणि फिरवायला जास्त जोर लागतो. तुम्ही लावलेला तो जादा जोर टायरपर्यंत पोचतो कुठून? त्याच छोट्या छोट्या सांध्यांमधून.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, बाहेर आलेलं रिम. दाराचं उदाहरण घ्या. दार बिजागरीजवळ धरून ढकललं तर हलत नाही, कडेला एक बोट लावलं तरी फिरतं. चाकाची बिजागरी म्हणजे किंगपिन. किंगपिनची रेष मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत न्या. ती जिथे टेकते तिथून टायरचा मधोमध भाग किती बाहेर आहे, ते अंतर मोजा. खड्डा चाकाला मागे ढकलतो तेव्हा तो याच अंतराच्या टोकाला धरून चाक फिरवायला बघतो. समजा मूळ गाडीत हे अंतर २० मिलिमीटर आहे आणि नव्या रिमनं चाक ३० मिलिमीटर बाहेर आणलं. आता अंतर झालं ५०. खड्डा तोच, धक्का तोच, पण स्टिअरिंगला पिळणारा जोर अडीचपट. टायर उंच झाल्यामुळे हे अंतर थोडं कमी होतं, कारण किंगपिन किंचित तिरकी बसवलेली असते. पण ती बचत पाच-सहा मिलिमीटरची आणि रिमनं घातलेली भर तीस मिलिमीटरची.

म्हणून मी म्हणतो की नुसता टायर थोडा मोठा करणं वेगळं आणि बाहेर आलेलं रिम घालणं वेगळं. स्टिअरिंगला जास्त मारतं ते रिम.

घरच्या घरी पाच तपासण्या

हे सगळं तुम्ही एका रविवारी सकाळी करू शकता. जोडीला एक माणूस हवा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे किंवा दगड. चाक उचलल्यावर नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, अ‍ॅक्सलखाली स्टँड लावायचा आणि मगच खाली हात घालायचा.

एक, स्टिअरिंगचा प्ले. चाकं सरळ ठेवा. खिडकीतून पुढच्या चाकाकडे बघत स्टिअरिंग एका बोटानं फिरवा. चाक हलायला लागेपर्यंत स्टिअरिंग किती फिरलं ते मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टिअरिंगवर हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर साधारण १० सेंटिमीटर. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. तिथे पोचेपर्यंत थांबू नका. दोन बोटांच्या पुढे प्ले गेला की कारण शोधायला लागा.

दोन, जमिनीवरची तपासणी. गाडी चाकांवरच उभी ठेवा. जोडीदार स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे झटक्यानं हलवत राहील. तुम्ही खाली वाकून प्रत्येक जॉइंटवर बोटं ठेवा, अर्धी वाटीवर, अर्धी दांड्यावर. दोन्ही एकाच वेळी हलले तर जॉइंट ठीक. एक आधी आणि दुसरा नंतर हलला, टक् असं जाणवलं, तर तो जॉइंट गेला. याच वेळी स्टिअरिंग बॉक्सवर नजर ठेवा. बॉक्स स्वतः चॅसिसवर हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत. बोल्टांभोवती चॅसिसच्या पत्र्याला तडा आहे का, टॉर्च मारून बघा. मोठ्या टायरच्या गाड्यांमध्ये तो तिथेच जातो.

तीन, वर आणि खाली. चाक उचला. एक हात वर, एक खाली, घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी, आणि चाक आत-बाहेर हलवा. हललं तर एक तर बेअरिंग ढिली किंवा किंगपिन झिजलेली. नेमकं काय ते कळायला जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर किंगपिनचा.

चार, डावी आणि उजवी. आता हात नऊ आणि तीनच्या जागी. बारा-सहाला चाक घट्ट होतं आणि इथे हललं, तर संशय टाय रॉडच्या टोकांवर.

पाच, टायरवरून तळहात. टायरच्या खाचांवरून हात आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट बाजूनं करवतीसारखे दाते लागले तर टो बिघडलाय, म्हणजे चाकं एकमेकांना समांतर चालत नाहीत. एकच कड झिजली असेल तर कॅम्बर किंवा किंगपिन बघा. ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. टायर हा गाडीचा रोजनिशी लिहिणारा भाग आहे, फक्त ती वाचायची सवय पाहिजे.

जे उपाय उपाय नाहीत

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळणं हा आपल्याकडचा सगळ्यांत लाडका इलाज आहे. त्यात धोका काय ते समजून घ्या. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून बॉक्समधले गिअर मधोमध जास्त झिजतात, कडेला कमी. मधला प्ले जावा म्हणून स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला की मधे बरं वाटतं, पण वळणावर, जिथे गिअर झिजलेले नाहीत, तिथे ते अडकायला लागतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. घाटात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. स्क्रू आवळायचा तो सगळे सांधे तपासून झाल्यावर, सर्वांत शेवटी, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानं.

दुसरा इलाज स्टिअरिंग डॅम्परचा. हा शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखाच असतो, फक्त आडवा. चांगल्या गाडीत तो छोटे हिसके गिळतो आणि उपयोगीच आहे. पण सांधे सैल असताना डॅम्पर बसवणं म्हणजे ताप आहे म्हणून थर्मामीटर फोडणं. थरथर काही दिवस दिसत नाही, झीज चालू राहते.

तिसरा इलाज हवा कमी करण्याचा. चिखलात थोड्या वेळासाठी हवा कमी केली तर पकड मिळते, हे खरं. पण तीच कमी हवा घेऊन भरलेली गाडी डांबरी रस्त्यावर पळवली तर टायर तापतो, स्टिअरिंग आणखी जड होतं आणि सांध्यांवरचा भार वाढतो.

मोठा म्हणजे मजबूत नव्हे

मालवाहू गाडीसाठी आणखी एक गोष्ट. टायरच्या भिंतीवर मापानंतर एक आकडा असतो, तो लोड इंडेक्स. १०० म्हणजे एका टायरनं ८०० किलो पेलायचे, १०५ म्हणजे ९२५, ११० म्हणजे १०६०. दिसायला रुंद, दणकट टायरचा लोड इंडेक्स तुमच्या मूळ मालवाहू टायरपेक्षा कमी असू शकतो, कारण तो मुळात माणसं वाहणाऱ्या जीपगाडीसाठी केलेला असतो. दुकानात रुबाब बघू नका, आधी हा आकडा बघा.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आर. सी. मधल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम स्पष्ट करताना कंपनीच्या मूळ तपशिलांवर बोट ठेवलं. म्हणून कंपनीनं तुमच्या मॉडेलसाठी कुठली मापं मान्य केली आहेत ते मॅन्युअलमध्ये किंवा दरवाज्याच्या पट्टीवर बघून घ्या. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, तिथे टायरही बघतात आणि स्टिअरिंगही. टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, आणि नियम ९८ प्रमाणे बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्याच पाहिजेत. आमच्या फाटलेल्या टोपीवर तेवढ्यासाठीच बोट ठेवता आलं असतं. आणि अपघात झालाच, तर विमा कंपनीला प्रश्न विचारायला आपणच जागा करून दिलेली असते.

आम्ही शेवटी काय केलं

उस्तादांनी पुतण्याला एक साधा प्रश्न विचारला. "बेटा, चिखलात गाडी अडकते ती पुढच्या चाकांमुळे की मागच्या?"

ताकद मागच्या चाकांना, म्हणजे रुततात आणि जागच्या जागी फिरतात ती मागची चाकं. आणि आम्ही रुंद टायर, बाहेर आलेले रिम, नऊ किलो वजन हे सगळं पुढच्या चाकांवरही लादलं होतं, जिथे त्याचा चिखलात फारसा उपयोग नव्हता आणि घाटात तोटा होता.

ट्रकवाले हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्यांच्या पुढच्या चाकांना रिब टायर असतात, म्हणजे उभ्या सरळ रेघांचे, ते स्टिअरिंग हलकं आणि सरळ ठेवतात. मागच्या चाकांना लग टायर, आडव्या जाड खाचांचे, ते माती पकडतात. आम्हीही तेच केलं. सगळी चाकं मूळ मापात, मूळ रिमवर. पुढे रिब, मागे लग, सगळे रेडियल. रेडियल आणि साधे नायलॉन टायर एकाच अ‍ॅक्सलवर कधीही मिसळू नका, दोघांची वळणावरची वागणूक वेगळी असते.

पण टायरच्या आधी साखळी दुरुस्त केली. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून सांगतो. आधी किंगपिनचे बुश आणि बेअरिंग. मग टाय रॉडची दोन्ही टोकं, एक खराब असलं तरी दोन्ही, कारण दुसरंही तेवढंच जुनं असतं. मग ड्रॅग लिंकचे जॉइंट. प्रत्येक नटाला नवी स्प्लिट पिन, जुनी सरळ करून परत घालायची नाही. मग बॉक्सचे बोल्ट, मग बॉक्सची सेटिंग. मग टायर, बॅलन्सिंग आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट. झिजलेल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट हे ओल्या भिंतीला दिलेल्या रंगासारखं असतं, पैसे जातात आणि आठवड्यात पुन्हा तेच.

चिखलाचा प्रश्न पूर्ण सुटला का? नाही. मागच्या पावसाळ्यात एकदा ट्रॅक्टर बोलवावा लागलाच. पण चार महिन्यांत आठ-दहा वेळा बोलवायचो, तिथे एकदा. बाकीचं काम रोपवाटिकेच्या वाटेवर मुरूम टाकून झालं. तो मुरूम त्या रिमांपेक्षा स्वस्त पडला, हे पुतण्यानंच हिशोब करून सांगितलं.

तरीही कुणाला माप वाढवायचंच असेल, तर मी त्याला अडवणार नाही, तीन अटी सांगेन. कंपनीनं मान्य केलेल्या मापातच राहा. उदाहरणार्थ २१५/७५ वरून २३५/७५ ला गेलात तर टायरची उंची तीस मिलिमीटर वाढते, म्हणजे साधारण सव्वाचार टक्के. ही वाढ बारा टक्क्यांच्या मानानं गाडीला खूपच सोसवणारी आहे. रिम बाहेर काढू नका. आणि टायरच्या पैशात साखळी दुरुस्तीचे पैसे धरूनच बजेट करा. ते पैसे नसतील तर टायरचेही पैसे नाहीत असं समजा. बसवल्यावर गाडी भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा की टायर कुठे पाट्याला, मडगार्डला किंवा ब्रेकच्या पाइपाला घासत तर नाही.

आमच्या गाडीच्या दरवाज्यावर आता आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर पुतण्याच्या अक्षरात ग्रीस मारल्याच्या तारखा आहेत. बाबांची सवय माझ्याकडून सुटली होती, ती त्यानं उचलली. निमाडात माल घेऊन अजून तोच जातो, माळीकाकाही बरोबर असतात. फक्त ते आता बसायच्या आधी वाकून पुढच्या चाकाला एक हिसका देतात, बारा-सहाला, आणि मग दार उघडतात.

तुमची गाडी कुठल्याही गावची असो, बडोद्याची, बेळगावची, हैदराबादची किंवा नागपूरची, येत्या रविवारी तिच्या पुढच्या चाकाला तेवढा एक हिसका देऊन बघा. भेटू पुढच्या भागात.